वाट पाहण्याचा हिशेब

मराठवाड्यातल्या कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की ‘शहर बस तोट्यात’ हे वाक्य कुठे ना कुठे छापून येते. वाक्य खोटे नसते. तिकिटाच्या पैशातून चालकाचा पगार, डिझेल, टायर आणि दुरुस्ती भागत नाही, हे जगातल्या बहुतेक शहरांत खरे आहे. खटकते ते एवढेच की हा शब्द फक्त बसच्या वाट्याला येतो. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स आणि सिडको असे एकामागून एक उड्डाणपूल उभे आहेत; त्यांतल्या एकाही पुलाने गेल्या वर्षी किती कमावले, असा प्रश्न कोणी सभागृहात विचारला असेल असे वाटत नाही. पूल ही ‘सुविधा’ आणि बस हा ‘तोटा’, ही विभागणी कोणी केली, कधी केली आणि तिची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की शहर बसचा प्रश्न मुळात बसगाड्यांचा नसून थांब्यावर उभे राहून घालवलेल्या वेळेचा आहे, आणि हा वेळ कोणत्याच हिशेबाच्या वहीत लिहिला जात नसल्यामुळे आपले निर्णय पुन्हा पुन्हा चुकतात.

या शहराला मोटारीचे कौतुक जरा जास्तच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, त्यांची किंमत ६५ कोटींच्या घरात होती आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या भागाने हिंदुस्थानला दाखवून दिले, अशी भावना त्या वेळी सर्वत्र होती आणि ती समजण्यासारखीही होती. शिवाय हे वाहने घडवणारे शहर आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाकी आणि रिक्षा तयार होतात, शेंद्र्याला २००१ पासून श्कोडाच्या मोटारी. ज्या शहराची चूल वाहनांवर पेटते त्याने वाहनांचा द्वेष करावा असे सांगणे अप्रामाणिक ठरेल; हे लिहिणाऱ्याच्या दारातही एक मोटार उभी असतेच. पण मोटारकेंद्री शहर म्हणजे पुष्कळ मोटारी असलेले शहर नव्हे. आपल्याकडे मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी अधिक आहेत. मोटारकेंद्री शहर ते, जिथे स्वतःचे वाहन नसलेल्या माणसाला दवाखाना, महाविद्यालय, बाजार आणि नोकरी या चारही गोष्टींसाठी कोणाचे तरी मिंधे व्हावे लागते. मग ते शेजाऱ्याचे असो, थोरल्या मुलाचे असो की मागेल ते भाडे घेणाऱ्या रिक्षावाल्याचे.

बसचा विषय काढला की इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘अहो, नळाला रोज पाणी नाही आणि तुम्ही बसचे काय घेऊन बसलात?’ आक्षेप रास्त आहे. जायकवाडीचे धरण पन्नासेक किलोमीटरवर असताना ज्या घरांत काही दिवसांआड पाणी येते, त्या घरांना बसच्या वेळापत्रकावर व्याख्यान देणे उद्धटपणाचे वाटू शकते. पण याच आक्षेपात बसच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. नळाला पाणी नक्की कधी येईल याची खात्री नसली की माणूस काय करतो? आधी जमिनीखाली हौद बांधतो, मग गच्चीवर टाकी चढवतो, मग बोअर घेतो, आणि तेही आटले की टँकर मागवतो. सार्वजनिक व्यवस्थेवरचा प्रत्येक अविश्वास हा शेवटी घरखर्चात बदलतो, आणि ज्याच्याकडे खर्चायला काही नाही तो घागर घेऊन रांगेत उभा राहतो. प्रवासाचे नेमके हेच झाले आहे. घरोघर उभ्या असलेल्या दोन-दोन, तीन-तीन दुचाकी म्हणजे आपण आपापल्या दारात मागवून ठेवलेले प्रवासाचे टँकर आहेत. त्यांचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती यांची बेरीज कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती ‘तोटा’ ठरत नाही, एवढेच.

आणि गंमत अशी की या शहराला बसची सवय नाही, हे खरे नाही. पहिली पाळी सुरू होण्याआधी सकाळी कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहून पाहावे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याकडे निघालेल्या कंपनी-बसगाड्या ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या मिनिटाला थांबतात, गणवेशातले कामगार निमूटपणे चढतात आणि गाडी निघते. त्यांच्या मागोमाग शाळांच्या पिवळ्या बस येतात, मग महाविद्यालयांच्या. म्हणजे हजारो माणसे या शहरात रोज बसनेच जातात आणि बस वेळेवर येते म्हणूनच जातात. कंपनीला कामगार यंत्रावर सातच्या ठोक्याला हवा असतो, त्यामुळे कामगाराच्या वाट पाहण्याची किंमत तिला कळते आणि ती मोजायला ती तयार असते. सार्वजनिक बससेवेत ती किंमत मोजणारा कोणीच नाही. मग उरतात ते लोक, ज्यांचा वेळ कोणत्याही संस्थेच्या मालकीचा नाही: चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, घाटी रुग्णालयात दाखल असलेल्या माणसासाठी डबा घेऊन निघालेले नातेवाईक, मोंढ्यात हमाली करणारा, विद्यापीठात अर्ज भरायला सिल्लोड-कन्नडहून आलेला मुलगा, निवृत्तिवेतनासाठी बँकेत निघालेले आजोबा. शहर बस मुख्यतः यांची आहे, आणि यांचा अर्धा तास वाया गेला तर कोणत्याही यंत्राचे उत्पादन थांबत नाही.

आता थोडे गणित. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवेची जी मानके ठरवली आहेत, त्यांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असणे हा सर्वोत्तम स्तर मानला आहे आणि ०.२ पेक्षा कमी असणे हा सर्वांत खालचा. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. स्मार्ट सिटी अभियानातून २०१९ च्या सुरुवातीला ‘माझी स्मार्ट बस’ या नावाने सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी १०० बसचा ताफा ठरला होता. त्या शंभरच्या शंभर रोज रस्त्यावर आहेत असे गृहीत धरले आणि मधल्या काळात शहर तसूभरही वाढले नाही असे मानले, तरी हजारी ०.०८५ एवढाच आकडा येतो. म्हणजे सर्वांत खालच्या स्तराच्याही निम्म्याखाली. वरच्या स्तरासाठी सातशे बस लागतील आणि मधल्या, बऱ्या म्हणता येईल अशा स्तरासाठी पावणेपाचशेच्या आसपास. एवढ्या बस उद्या येणार नाहीत हे मलाही कळते. पण ‘आम्ही बस दिली होती, लोकच चढले नाहीत’ हे म्हणण्याआधी आपण किती दिले होते ते तरी पाहावे.

खरी मेख पुढे आहे. चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंतचा मार्ग साधारण २० किलोमीटरचा धरू. सिग्नल, थांबे आणि गर्दी लक्षात घेता बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर एका बाजूने ८० मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना चालक-वाहकाला दहा-दहा मिनिटे उसंत दिली तर एक फेरी पूर्ण व्हायला तीन तास. या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १८ बस लागतात. शंभरांतल्या दहा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवल्या तर उरलेल्या नव्वदमध्ये असे पाच मार्ग चालतील, सहावा नाही. उलट, प्रत्येक वॉर्डाला, प्रत्येक वसाहतीला आणि प्रत्येक पुढाऱ्याला खूश ठेवण्यासाठी याच नव्वद बस तीस मार्गांवर वाटल्या, तर मार्गामागे तीन बस येतात आणि तेवढ्याच लांबीच्या मार्गावर दोन बसमधले अंतर तासाचे होते. नकाशावर तीस रंगांच्या तीस रेषा सुंदर दिसतात. उद्घाटनेही तीस होतात. पण थांब्यावरच्या माणसाला नकाशा दिसत नाही, त्याला फक्त रिकामा रस्ता दिसतो. बस सगळीकडे पोहोचली पाहिजे ही मागणी लोकशाहीच्या दृष्टीने कितीही योग्य वाटली तरी, ताफा लहान असताना तिचा अर्थ एवढाच होतो की बस कुठेच वेळेवर पोहोचणार नाही. म्हणून माझ्या मते थोडे मार्ग आणि दाट फेऱ्या हाच पहिला टप्पा असला पाहिजे, त्यासाठी काही वसाहतींना मुख्य रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर चालावे लागले तरी चालेल. ही गोष्ट निवडून आलेल्या माणसाला बोलणे अवघड आहे, पण कोणी तरी बोलली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की खेड्यात तर दिवसातून दोनच गाड्या येतात आणि तरी लोक एसटीला धरून आहेत. हे अगदी खरे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मराठवाड्यात सार्वजनिक बसची मुळे जुनी आहेत. हैदराबाद संस्थानात निजाम राज्य रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी. तेव्हा बस ही आपल्याकडे परकी वस्तू कधीच नव्हती. खेड्यातली मुक्कामी गाडी रात्री पारावर येऊन थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला निघते. गाडी एकच, पण ती सहाला निघणार म्हणजे निघणार, या भरवशावर दूधवाला, शाळकरी मुली, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी अशा सगळ्यांचे घड्याळ लागलेले असते. वाहकाला लोक ‘मास्तर’ म्हणतात आणि ‘मास्तर, जरा थांबा, आमची आजी येतेय’ असे हक्काने सांगतात. वाट पाहण्याचे ओझे हलके करण्याचे दोनच मार्ग आहेत: एक तर गाडी इतकी नेमाने यावी की वेळ पाहून घरातून निघता येईल, नाही तर इतकी वारंवार यावी की वेळ पाहायची गरजच पडू नये. मुक्कामी गाडी पहिला मार्ग धरते, मुंबईची लोकल दुसरा. आपली शहर बस या दोहोंच्या मधल्या खड्ड्यात अडकते. तासाला एक फेरी हे प्रमाण इतके विरळ की वेळापत्रक पाठ हवे, आणि शहरातली कोंडी अशी की पाठ केलेले वेळापत्रक कोणत्याही चौकात मोडते.

या खड्ड्यातून बसचा खरा प्रतिस्पर्धी वर येतो, आणि तो मोटार नाही, दुचाकी आहे. पेट्रोल लिटरला शंभरीपार गेले आहे हे खरे, पण लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या साध्या दुचाकीला किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये पडतात, आणि मागे कोणी बसले की माणशी रुपया. दहा किलोमीटरच्या प्रवासाला नवरा-बायको मिळून वीस-बावीस रुपयांत पोहोचतात, तेही दारापासून दारापर्यंत, वाट न पाहता. बसचे तिकीट कितीही कमी ठेवले तरी या हिशेबाला ती सहज हरवू शकत नाही. दुचाकीच्या हप्त्याचा आणि दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही, असे अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणेल, पण एकदा गाडी दारात आली की तो खर्च माणसाच्या मनातून पुसला जातो. रोज सकाळी तो फक्त टाकीतल्या पेट्रोलचा विचार करतो. त्यामुळे दुचाकी घेतलेल्या माणसाला बसमध्ये परत आणणे फार कठीण असते. खरी संधी त्याच्या आधी असते, म्हणजे घरात पहिली किंवा दुसरी दुचाकी यायच्या आधी. मुलगी अकरावीला गेली, शिकवणी दूर आहे, तिला गाडी घेऊन द्यायची का, हा प्रश्न ज्या संध्याकाळी घरात चर्चेला येतो त्या संध्याकाळी थांब्यावर बस असेल की नाही यावर पुढची पंधरा वर्षे ठरतात. लातूरसारख्या शहरात, जिथे शिकवण्यांसाठी बाहेरगावांहून मुले येऊन राहतात आणि त्यांतली बरीचशी अजून परवान्याच्या वयाचीही नसतात, हा प्रश्न तर अधिकच टोकदार होतो.

या स्वस्त प्रवासाची आणखी एक किंमत आहे, ती मात्र कोणी पेट्रोलपंपावर मोजत नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. बीड बायपासच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही यासाठी आकडेवारीची गरज पडू नये.

तिकीट स्वस्त केले की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले; त्याने एसटीच्या गाड्या भरून वाहू लागल्या, बाया माहेरी, बाजारी आणि देवदर्शनाला अधिक मोकळेपणाने निघाल्या, आणि ही गोष्ट मला निःसंशय चांगली वाटते. शेजारच्या कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आणि तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये महिलांचा बसप्रवास मोफतच केला, हे नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या लोकांना रोज डोळ्यांसमोर दिसते. पण सवलत प्रवासी आणते, फेरी आणत नाही. मुंबईत बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठवरून पाच रुपयांवर आणले तेव्हा थांब्यांवर गर्दी लोटली, आणि पुढच्या वर्षांत ताफा आटत गेला तशी तीच गर्दी थांब्यांवर ताटकळू लागली. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याच्यासाठी सवलत हवीच. पण एकाच रुपयाचे दोन उपयोग समोर असतील, तिकीट कमी करणे किंवा फेरी वाढवणे, तर आजच्या स्थितीत मी फेरीच्या बाजूने मत देईन. घरकाम करणाऱ्या बाईचा अर्धा तास म्हणजे एका घरची भांडी, आणि एका घरची भांडी म्हणजे महिन्याचा काही शेकड्यांचा पगार. तिकिटातल्या पाच रुपयांच्या सवलतीपेक्षा हे जड भरते.

पैसा आणायचा कोठून? प्रामाणिक उत्तर असे की काही पैसा सरकारच्या तिजोरीतूनच यावा लागेल, आणि केंद्राने ते एका अर्थी मान्यही केले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत दहा हजार विजेवरच्या बसचा बेत आहे आणि तिच्यात प्रत्येक धावलेल्या किलोमीटरमागे मदत दिली जाते: बारा मीटरच्या बसला २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२, सात मीटरच्या बसला २०. योजनेच्या गुणदोषांबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण मदत गाडी विकत घेण्याला न जोडता गाडी चालवण्याला जोडली, हा बदल मोठा आहे. आतापर्यंत सरकारी पैसा वस्तूला मिळत असे. वस्तूची फीत कापता येते, फेरीची कापता येत नाही. स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली, पण बसला लागणारे डिझेल, चालकांचे पगार आणि टायर यांची मुदत कधीच संपत नसते. एकीकडे ही मदत आणि दुसरीकडे राज्यात एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर, हा विरोधाभास कोणाला सुचला असेल त्याच्या कल्पकतेला नमस्कार केला पाहिजे.

उरलेला पैसा रस्त्यावरच पडलेला आहे, शब्दशः. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सव्वाशे-दीडशे चौरस फूट. गुलमंडी, औरंगपुरा किंवा निराला बाजारात एवढ्या गाळ्याचे भाडे काय आहे ते तिथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारावे. तीच जागा रस्त्यावर मोटारीला दिवसभर फुकट किंवा नाममात्र पैशात मिळते. त्याच जागेत एखाद्याने पेरूची गाडी लावली तर अतिक्रमण हटाव पथक येते, तराजू उचलते, पेरू सांडतात. मोटार मात्र कितीही वेळ उभी राहिली तरी अतिक्रमण ठरत नाही. बाजाराच्या भागात रस्त्यावरच्या पार्किंगला तासावर खरे भाडे लावावे आणि तो पैसा महापालिकेच्या सामान्य खात्यात न विरघळवता बसच्या किलोमीटरसाठी वेगळा बांधून ठेवावा, ही मागणी व्यापाऱ्यांना सुरुवातीला रुचणार नाही. पण दुकानासमोर सकाळपासून स्वतःचीच गाडी लावणारा व्यापारी गिऱ्हाइकाची जागा अडवत असतो, हे त्यालाही ठाऊक असते.

बसला रस्त्यात वेगळी मार्गिका हवी का? इथे मी माझ्याच बाजूच्या काही मित्रांशी सहमत नाही. अहमदाबादेत २००९ मध्ये सुरू झालेल्या जनमार्गाचे दाखले दिले जातात, पण जिथे तासाला जेमतेम आठ-दहा बस जातात तिथे आख्खी मार्गिका रिकामी ठेवली तर दोन महिन्यांत लोकच ती उखडून टाकतील, आणि त्यांचे फारसे चुकणार नाही. मार्गिका ही दाट फेऱ्यांमागून येणारी गोष्ट आहे, त्यांच्या आधीची नव्हे. ताशी साठ बस, प्रत्येकीत पन्नास माणसे, म्हणजे एका मार्गिकेतून तीन हजार माणसे जाऊ लागली की मोटारींची मार्गिका तिच्यापुढे आपोआप फिकी पडेल. त्या दिवसापर्यंत थांब्यासमोर वीस मीटर रस्ता रिकामा ठेवणे, आपे रिक्षा आणि काळी-पिवळीसाठी थांब्याच्या पुढे वेगळी जागा आखणे आणि सिग्नलवर बसला काही सेकंद आधी सोडणे, एवढे केले तरी एकेका फेरीतली बरीच मिनिटे वाचतील आणि त्याच गाड्यांत जास्त फेऱ्या बसतील. जुन्या शहराचे वेगळे आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली तेव्हा त्याच्यासमोर बारा मीटरची बस नव्हती. भडकल दरवाजा किंवा मकाई दरवाजाच्या परिसरात सात मीटरची लहान गाडीच शोभेल आणि तीच वळेल. तिला लहान म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही.

थांब्यावरच्या सावलीबद्दल एवढेच की मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याचे छप्पर तव्यासारखे तापते. कडुनिंबाचे एक झाड जाहिरातीच्या चकचकीत निवाऱ्यापेक्षा बरे काम करते आणि त्याला निविदा लागत नाही. थांब्यापर्यंत पोहोचायला पदपथ हवा, हे तर लिहायचीही लाज वाटावी.

शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि त्याच मार्गावर अखंड उड्डाणपूल, अशी चर्चा गेली काही वर्षे आहे. मेट्रोला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण मेट्रोच्या स्थानकावर उतरलेला माणूस टीव्ही सेंटरला, हर्सूलला किंवा गारखेड्याला कसा जाणार, याचे उत्तर शेवटी बसच असते. त्यामुळे मेट्रो येईपर्यंत बसचे पाहू, या म्हणण्यात कामाचा क्रमच उलटा लावलेला आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, असे तेव्हाच लिहून ठेवले. उड्डाणपुलावर थांबा नसतो. बसमधल्या माणसाच्या दृष्टीने पूल म्हणजे त्याच्या चौकावरून निघून जाणारी दुसऱ्याची वाट.

महापालिकेने अंदाजपत्रकात बसची संख्या आणि तूट छापण्याऐवजी तीन आकडे दर महिन्याला जाहीर करावेत, असे मला वाटते: रोज किती किलोमीटर बस धावली, प्रत्येक मार्गावर दोन बसमधले अंतर प्रत्यक्षात किती मिनिटांचे होते, आणि ठरलेल्यांपैकी किती फेऱ्या रद्द झाल्या. बसमध्ये जागा कळवणारी यंत्रे बसवलेली असतील तर ही माहिती यंत्रात पडून असते, ती काढायला नवा खर्च लागत नाही. तूट वाढली आणि वाट पाहणे निम्म्यावर आले, तर तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणू नये. तूट घटली आणि फेऱ्याही घटल्या, तर त्याचा सत्कार करू नये.

आणि या तीन आकड्यांत एक चौथा मिळवावा, शेवटच्या बसचा. शेवटची बस रिकामी जाते, तिकिटाला परवडत नाही, म्हणून तूट कमी करायची म्हटली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. हिशेब वरवर बरोबर असतो. पण घाटीत आईजवळ बसलेल्या मुलीला रात्री साडेनऊला परतायला गाडी नाही असे एकदा कळले की ती संध्याकाळी पाचला जाताना देखील बसने जात नाही. भावाला सांगते, गाडी काढ. रात्री साडेनऊची बस बंद केली तेव्हा पाच वाजताच्या बसमधली एक जागाही त्याच दिवशी रिकामी झाली, आणि पुढच्या महिन्याच्या आढाव्यात पाचची फेरीही तोट्यात दिसू लागली.